शिबिराआधीची मशागत

मृगाचा पाऊस पडल्यावर कोणी पाभर घेऊन सुताराकडे धावत नाही. फण, चाडे, दोर सगळे आधीच पाहून ठेवलेले असते. वापसा दोन दिवसांचा. तेवढ्यात पेरले तर पेरले. पाभर मोडकी निघाली तर ते दोन दिवस सुताराच्या दारात बसण्यात जातात आणि शेजाऱ्याचे रान पेरून होते. हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

संगणकाच्या शिबिराचेही तसेच आहे. शिबिर तीन दिवसांचे. प्रत्येक बचत गटातून दोघे येतात. एक गटाची वही लिहिणारी बाई, आणि तिच्याबरोबर शाळेत संगणक हाताळलेला एक मुलगा किंवा मुलगी. दोघांनी मिळून गटाच्या हिशेबाचा एक लहानसा प्रोग्रॅम लिहायचा. प्रोग्रॅम म्हणजे संगणकाने काय काय करायचे याची ओळीने लिहिलेली कामे. पण हे लिहायला बसण्याआधी यंत्र तयार असावे लागते. ती तयारी घरी कशी करायची, ते या पाठात सांगतो.

आधी आमची फजिती सांगतो. पहिल्या शिबिराच्या पत्रात आम्ही एवढेच लिहिले होते की, आपापला संगणक घेऊन यावा. अकरा जोड्या आल्या. कोणी भाच्याचा लॅपटॉप आणला. कोणी शाळेने मोडीत काढलेला संगणक आणला, पडदा एका पिशवीत आणि सीपीयू दुसऱ्या पिशवीत, एसटीत मांडीवर घेऊन. खोलीत प्लग लावायला जागा चारच. नेट म्हणजे आमच्यातल्या एकाचा मोबाइल. अकरा यंत्रे त्या एका मोबाइलवरून एकच फाईल ओढू लागली. दुपारी वीज गेली. संध्याकाळपर्यंत अकरापैकी चार यंत्रे तयार झाली. दुसऱ्या दिवसाचा अर्धा भागही त्यातच गेला. तहान लागल्यावर विहीर खणणे म्हणतात ते हेच.

दिवस वाया गेला याचे एवढे वाईट वाटले नाही. वाईट वाटले ते एका बाईंचे. तीन वर्षांपूर्वी त्या अंगठा उठवीत होत्या. आमच्याच वर्गात लिहायला शिकल्या आणि गटाने वही त्यांच्या हातात दिली. गटातल्या एकीने ६,००० रुपये कर्ज घेतले होते. व्याज महिन्याला शेकडा २ रुपये. ती दर महिन्याला १,००० रुपये मुद्दल फेडत गेली. वहीत मात्र सहाही महिने व्याज १२० रुपयेच लागले. खरे तर ते उरलेल्या मुद्दलावर लागायला हवे. पहिल्या महिन्याला १२०, मग १००, ८०, ६०, ४० आणि २०. सगळे मिळून ४२०. वहीप्रमाणे घेतले गेले ७२०. तीनशे रुपये जास्त गेले. कर्जदार बाईने चारचौघींत विचारले, "माझे तीनशे कुणी खाल्ले?" खाल्ले कुणीच नव्हते. रीत चुकली होती. पण वही लिहिणारीची मान खाली गेली ती गेलीच. म्हणून त्या शिबिराला आल्या होत्या.

त्यांच्या यंत्रावर नेटचे पान काही केल्या उघडेना. इंग्रजीत चार ओळींची सूचना येई. आमचा कार्यकर्ता म्हणाला, "व्हायरस असेल बहुतेक." दुसरा म्हणाला, "यंत्रच जुनं आहे." संध्याकाळी त्यांनी वायरी गुंडाळल्या. "हे आपल्या डोक्याचं काम न्हाई," म्हणाल्या, आणि शेवटच्या एसटीने गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत.

पुढच्या रविवारी आम्ही त्यांच्या घरी गेलो. यंत्र लावले. तीच सूचना आली. या वेळी मात्र आम्ही ती पहिल्या अक्षरापासून वाचली. तिथे स्पष्ट लिहिले होते की, तुमचे घड्याळ मागे आहे. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात पाहिले तर यंत्राच्या मते ते साल २००९ होते! दोष ना त्या बाईंच्या डोक्याचा होता, ना व्हायरसचा. दोष रुपयाच्या नाण्याएवढ्या एका सेलचा होता. आणि थोडा आमचाही. गावोगाव वाचायला शिकवणारे आम्ही, समोरच्या चार ओळी वाचल्या नाहीत.

तेव्हा पहिले काम घड्याळाचे. संगणक सुरू करा आणि उजव्या बाजूला खालच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ पाहा. साल नीट पाहा. वीज बंद असतानाही घड्याळ चालत राहावे म्हणून टेबलावरच्या संगणकात एक चपटा गोल सेल असतो. तो काही वर्षांनी संपतो. मग यंत्र बंद केले की तारीख पुसली जाते आणि यंत्र कुठल्या तरी जुन्या सालात जाऊन बसते. नेटवरची सुरक्षित पाने आपला दाखला दाखवतात. त्या दाखल्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल, ती मुदत असते. यंत्राच्या मते २००९ साल असेल तर आजचा दाखला त्याला पुढच्या काळातला वाटतो आणि ते पान उघडत नाही. तारीख हाताने दुरुस्त करता येते. पण सेल गेलेला असेल तर वीज जाताच ती पुन्हा बिघडेल. सेलवर सीआर २०३२ असे लिहिलेले असते. तो घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडेही मिळतो. बदलताना प्लग भिंतीतून काढलेला असू द्या. आम्ही त्या बाईंच्या ओट्यावर बसून बदलला. पाच मिनिटांचे काम निघाले.

आता मुख्य सामान. संगणकाला मराठी कळत नाही, इंग्रजीही कळत नाही. वीज आहे आणि वीज नाही, अशा दोन खुणांवर त्याचे सगळे चालते. आपण लिहिलेले त्याला समजावून सांगायला मध्ये एक दुभाष्या लागतो. आम्ही जो दुभाष्या वापरतो त्याचे नाव पायथॉन. इंग्रजीत अजगराला पायथॉन म्हणतात, पण नाव अजगरावरून पडलेले नाही. इंग्लंडच्या टेलिव्हिजनवर मॉन्टी पायथॉन नावाच्या मंडळींचा एक विनोदी कार्यक्रम असे, त्यावरून पडले. नेदरलँड्समधल्या गुइडो व्हान रॉसम या गृहस्थांनी १९८९ सालच्या नाताळच्या सुटीत हे काम सुरू केले आणि १९९१ मध्ये ते लोकांना खुले केले. त्याला पैसे पडत नाहीत. कोणी "संगणकात पायथॉन घालून देतो, पाचशे रुपये द्या" म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

या पाठाबरोबर तुमच्या गटाला एक पेनड्राइव्ह दिला आहे. त्यात पायथॉनची फाईल आहे. नेटची गरज नाही. सगळ्यांना एकच फाईल देण्याचे कारण असे की सगळ्यांच्या पडद्यावर एकच दिसले पाहिजे. नाही तर शिकवणारा एक सांगतो आणि अकरा जण अकरा निराळ्या गोष्टी पाहतात. पेनड्राइव्ह हरवला आणि नेटवरून घ्यायची वेळ आली, तर पायथॉन डॉट ओआरजी हीच जागा. शोधताना वर जाहिराती येतात, त्यांवर बोट ठेवू नका. तुमच्या यंत्रावर विंडोज ७ असेल तर ही फाईल चालणार नाही. त्या यंत्रासाठी पायथॉनची ३.८ ही आवृत्ती लागते. ती पेनड्राइव्हवर 'जुने' नावाच्या कप्प्यात ठेवली आहे. आणि यंत्रावर कोणी पूर्वी पायथॉन २ घातलेला असेल तर तो आहे तसा राहू द्या, पण त्याच्यावर विसंबू नका. त्याची देखभाल २०२० साली थांबली, आणि पुढे आपण जे करणार आहोत ते त्याला जमत नाही.

फाईलवर दोनदा टिचकी मारा. एक खिडकी उघडेल. आता थांबा. आमची निम्मी यंत्रे इथेच अडली होती. वर मोठ्या अक्षरांत 'इन्स्टॉल नाऊ' असे दिसते आणि हात आपोआप तिकडे जातो. जाऊ देऊ नका. खिडकीच्या तळाशी पाहा. तिथे दोन लहान चौकोन आहेत. खालच्या चौकोनापुढे इंग्रजीत लिहिले आहे, 'ॲड पायथॉन डॉट ईएक्सई टू पाथ'. हा चौकोन रिकामा असतो. त्यावर टिचकी मारून बरोबरची खूण करा. मग 'इन्स्टॉल नाऊ' दाबा.

या चौकोनाचे एवढे काय? असे समजा की तुम्ही वस्तीवर नवे घर बांधले. घर पक्के आहे, राहायला गेलात. पण गावात नव्याने आलेल्या पोस्टमनच्या यादीत त्या घराचे नाव नाही. पोस्टमन यादी घेऊन फिरतो, घर सापडत नाही म्हणतो आणि पत्र परत जाते. घर तर आहे! नाही ती फक्त नोंद. संगणकाजवळही अशी एक यादी असते. एखादे नाव सांगितले तर त्या नावाचा प्रोग्रॅम कुठे कुठे शोधायचा, ते त्यात लिहिलेले असते. तिला पाथ म्हणतात, म्हणजे वाट. खालच्या चौकोनात खूण केली की पायथॉनच्या घराची नोंद त्या यादीत होते.

वरचा चौकोन मालकाच्या परवानगीचा आहे. यंत्र शाळेचे किंवा दुसऱ्याचे असेल आणि ते गुप्त शब्द मागू लागले, तर मागे येऊन वरच्या चौकोनातली खूण काढून टाका. मग पायथॉन फक्त तुमच्या खात्यापुरता बसतो, तेवढे आपल्याला पुरे आहे.

बसला की नाही हे पाहायचे असे. कळफलकावर खाली चार चौकटींची खूण असलेली कळ आहे. ती दाबा आणि सी, एम, डी ही तीन अक्षरे टाकून एंटर करा. काळी खिडकी उघडेल. काळी म्हणून बिचकू नका. तिच्यात पायथॉन हे नाव इंग्रजीत टाका. अक्षरे अशी: पी, वाय, टी, एच, ओ, एन. मग एक जागा मोकळी सोडा. मग दोन आडव्या रेघा, आणि त्यांना लागून व्हर्जन हा शब्द, म्हणजे व्ही, ई, आर, एस, आय, ओ, एन. एंटर करा. उत्तरात पायथॉन आणि त्यापुढे तीनने सुरू होणारा आकडा आला, की बसला.

"हा शब्द माझ्या ओळखीचा नाही" अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य आले, किंवा पायथॉन सापडला नाही असे उत्तर आले, तर घाबरू नका. विंडोज १० किंवा ११ असेल तर मायक्रोसॉफ्टच्या दुकानाचे पानही कधी कधी उघडते. या सगळ्याचा बहुतेक वेळा अर्थ एकच, चौकोनातली खूण राहून गेली. पेनड्राइव्हवरची तीच फाईल पुन्हा उघडा. आता ती 'मॉडिफाय' असे विचारेल. ते दाबा, पुढच्या पानावर जा, आणि त्याच्याही पुढच्या पानावर 'ॲड पायथॉन टू एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स' या ओळीवर खूण करा. शब्द लांबलचक आहेत, काम तेच, यादीतली नोंद. नंतर काळी खिडकी बंद करून पुन्हा उघडायला विसरू नका. आधीपासून उघडी असलेली खिडकी जुनीच यादी हातात धरून बसते. आम्ही एकदा अर्धा तास हेच न कळून घालवला.

आता गंमत पाहा. पायथॉनबरोबर लिहिण्याची एक पाटीही मिळते. तिचे नाव आयडल. चार चौकटींची कळ दाबून आय, डी, एल, ई टाका. पांढरी खिडकी उघडेल आणि तीन टोकदार खुणा दिसतील. तिथे लिहायचे. मुलाला सांगून यंत्रात मराठी कळफलक घालून घ्या. चार चौकटींची कळ धरून मधली लांब कळ दाबली की मराठी आणि इंग्रजी अदलाबदल होते. पायथॉन ३ मध्ये वस्तूंची नावे मराठीत चालतात! हे आम्हालाही आधी खरे वाटले नव्हते. लिहा:

सभासद = 12

एंटर. मग

वर्गणी = 100

एंटर. मग

सभासद * वर्गणी

पुन्हा एंटर केले की खाली 1200 येईल. मधली चांदणी म्हणजे गुणिले. ती आणि आकडे इंग्रजी कळफलकावरून घाला. नावे मराठी चालतात, पण आपला मराठी बारा तिथे लिहिला तर यंत्र तो घेत नाही. आम्हाला हे पटत नाही, पण आहे ते आहे. मराठी कळफलक बसलाच नाही तर नावे इंग्रजी अक्षरांत द्या, हिशेब अडत नाही. भागाकारासाठी तिरकी रेघ. सहा हजारांवर शेकडा दोनने व्याज काढायचे तर 6000 * 2 / 100 असे लिहा. उत्तर 120.0 असे येईल. टिंबापुढचे शून्य म्हणजे वर पैसे काही नाहीत, एवढेच.

आता मुद्दाम एक चूक करा. सभासद शब्दातला काना गाळून 'सभसद' असे लिहा आणि एंटर करा. लाल अक्षरांचा पसारा येईल. यंत्र मोडले नाही, काही पुसलेही गेले नाही. अशा लाल मजकुराची शेवटची ओळ आधी वाचायची. त्या ओळीत तुमचा 'सभसद' अवतरणचिन्हांत दिसेल, आणि पुढे हे नाव ठाऊक नाही असे लिहिलेले असेल. म्हणजे यंत्राने तुमच्या चुकीवर बोट ठेवून दाखवले. दुसरे कोणी एवढ्या सरळपणाने दाखवत नाही. आपली मंडळी लाल अक्षरे दिसली की खिडकी बंद करतात, शाळेत मास्तरांच्या लाल शाईला भ्यालेली असतात ना. बंद करू नका. वाचा, नाही कळले तर मुलाकडून वाचून घ्या, आणि तेही नाही जमले तर ओळ जशीच्या तशी कागदावर उतरून घ्या.

एक मात्र ध्यानात ठेवा. यंत्र नाव चुकले तर सांगते, रीत चुकली तर सांगत नाही. पूर्ण मुद्दलावर व्याज काढ म्हटले तर ते सहा महिनेच काय, साठ महिने बिनतक्रार पूर्ण मुद्दलावर काढील. म्हणून जुनी वही शिबिराला आणायची. ज्या कर्जाचा हिशेब हाताने पडताळून खरा ठरला आहे, त्यावरच आधी प्रोग्रॅम चालवून पाहायचा. त्या बाई दुसऱ्या शिबिराला आल्या. पहिल्याच दिवशी सकाळी त्यांनी ते सहा हजारांचे कर्ज घातले. एकदा चुकीच्या रीतीने, एकदा बरोबर. पडद्यावर एकाखाली एक 720 आणि 420 उभे राहिले. त्यांनी ते दोन्ही आकडे वहीत लिहून घेतले आणि खाली सही केली. पुढच्या बैठकीत गटाने कर्जदार बाईला तीनशे रुपये परत दिले. चारचौघींत गेलेली मान चारचौघींतच वर आली.

राहिलेल्या गोष्टी थोडक्यात. विंडोज अधूनमधून स्वतःची डागडुजी करायला बसते आणि तासभर कोणाला हात लावू देत नाही. ती डागडुजी आदल्या आठवड्यात घरी होऊ द्या. मोबाइलच्या नेटवर ती करू नका, दिवसाचे सगळे नेट पिऊन टाकते. मुलाला सांगून नेटच्या जोडणीवर 'मीटर्ड' अशी खूण करून घ्या, म्हणजे तिचा हात आखडतो. लॅपटॉप रात्री भरून ठेवा. त्याची बॅटरी किती वेळ टिकते तेही एकदा मोजून पाहा, कारण शिबिराच्या जागी वीज दुपारी जाते. चार्जर, माऊस आणि तीन प्लगांची पट्टी आणा. पट्टीवर गटाचे नाव लिहा, नाही तर ती आमच्याकडेच राहते. अशा दोन पट्ट्या आमच्याकडे अजून पडून आहेत, ज्यांच्या असतील त्यांनी घेऊन जाव्या.

पाठाच्या शेवटी एक कोरा कागद जोडला आहे. त्यावर तीन गोष्टी लिहा. यंत्राच्या कोपऱ्यात दिसते ती तारीख. काळ्या खिडकीत पायथॉनपुढे आलेला आकडा. आणि कुठे अडले असेल तर लाल मजकुराची शेवटची ओळ, अक्षर न बदलता. कागद शिबिराच्या आधीच्या रविवारपर्यंत आमच्याकडे पोचवा. ज्यांचे अडले आहे त्यांच्या घरी आम्ही सोमवारी आणि मंगळवारी येऊ. तारीख २००९ ची असेल तर सेल विकत घेऊ नका, आम्ही येताना घेऊन येतो.